स्कूटरवर दोघे

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांत तशी अलीकडची. मागच्या पिढीला लग्नाची तिथी आठवे ती त्या वर्षीच्या दुष्काळावरून किंवा सुगीवरून. आता परंड्यातले एखादे जोडपे त्या दिवशी सायंकाळी स्कूटर काढते, बार्शीला जाऊन भगवंताचे दर्शन घेते, सिनेमा पाहते, बाहेर जेवते आणि रात्री परत फिरते. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे. हौस चांगली आहे. ती जरूर करावी. पण परतीच्या वाटेचा विचार आधी करावा, एवढेच आज सांगायचे आहे.

स्कूटर हे मुळात दोघांना सोयीचे वाहन. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोराडिनो दास्कानिओ या विमाने तयार करणाऱ्या इंजिनिअराचा. त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले आणि पुढे पाय ठेवायला सपाट जागा दिली. तेलाचे डाग नाहीत, साखळीत कपडा अडकत नाही. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या आणि १९७२ साली ‘चेतक’ आली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिलेले आहे.

आता मागे बसणारीचा विचार करू. एका बाजूला पाय सोडून बसले की तोल एकीकडे जातो आणि अचानक ब्रेक लागला तर धरायला एकच हात उरतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे केव्हाही बरे. नऊवारीच्या काष्ट्याला त्याची अडचण नव्हती, पाचवारीला आहे. मग पदर व निऱ्या नीट आवरून खोचाव्यात. मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला झाकण असावे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात.

शिक्षक मंडळींनी पुढचे गणित वर्गात घालावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. समोरची वस्तू दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. म्हणजे ११ मीटर तिथेच संपले; थांबायला आणखी दहा-अकरा. एकूण झाले बावीस. वेग ६० केला, तर हीच बेरीज चाळीसच्या घरात जाते. कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचे अंतर सव्वादोन पट होते. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या ब्रेकचा. खाली वळवलेल्या दिव्याचा उजेड मात्र तीस-चाळीस मीटरच कामाचा. गळिताच्या दिवसांत उसाची बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली मागे दिवा नसताना पुढे चाललेली असते. ती दिसेल तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसेल!

समोरून झगझगीत दिवा आला तर त्याच्याकडे पाहू नये. वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी. दोघे बसल्यावर गाडीची मागची बाजू दबते आणि आपलाही दिवा वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून निघण्यापूर्वी, दोघे बसलेले असतानाच, दिवा पाहून घ्यावा. मागच्या चाकात दोघांच्या वजनाला सांगितलेली हवा भरावी.

शेवटी हेल्मेटचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तरी घरात हेल्मेट एकच असते, आणि ते यजमानांच्या डोक्यावर! वाढदिवसाची भेट काय द्यावी असा प्रश्न पडला असेल, तर आधी दुसरे हेल्मेट घ्यावे. साडी पुढच्या वर्षी घेता येईल. आणि बाईंनी “अहो, जरा हळू” म्हटले, तर तो दोष काढला असे समजू नये. मागून येणारा तो शब्द ऐकून वेग कमी करावा.