‘इंजिन सील आहे, साहेब!’ : जुनी पद्मिनी घेताना काय तपासायचं?

हेडफोन विसरलेल्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार.

मी दिवसभर कोड लिहितो, मेकॅनिक नाही. पण बाबांच्या निवृत्तीला प्रीमियर पद्मिनी द्यायची ठरवली, कारण ते गाडी शिकले तिच्यावरच. विकणारा म्हणाला, "इंजिन सील आहे साहेब, कधी खोललेलंच नाही." माझी दोन वर्षांची बचत या एका वाक्यावर लावायची होती. म्हटलं, आधी शिकून घेऊ.

सिलिंडर ओळखा

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसी, एका रांगेत चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. बॉनेट उघडा आणि स्पार्क प्लगच्या वायरी मोजा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मधोमध लागलेली पाचवी वायर कॉइलची, ती मोजायची नाही. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबर. ठिणगीचा क्रम १-३-४-२. वायरींची अदलाबदल झाली की गाडी मिसिंग करते आणि आपण उगाच इंजिनाला नावं ठेवतो.

तब्येत मोजा

इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. एखाद्याच आकड्यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. आमचे आले : १२०, ८०, ७५, १२० पीएसआय. म्हणजे मधले दोन आजारी.

मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. आमचा जागचा हलला नाही. त्यात शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी म्हणजे पहिला संशय त्यांच्या मधल्या गॅसकेटवर.

जुन्या कामाच्या खुणा

आता टॉर्च मारून हेड आणि ब्लॉकचा सांधा बघितला. तिथून लाल सिलिकॉन बाहेर आलेलं! हेड गॅसकेटला असं सिलिकॉन लागत नाही, हा कुणीतरी केलेला जुगाड. हेडच्या नटांचे कोपरे पान्याने घासलेले. म्हणजे इंजिन उघडलंय. याशिवाय ब्लॉकच्या एखाद्याच भागावर ताजा रंग, वेल्डिंगची रेघ आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, हेही बघा.

विकणाऱ्याला सांधा दाखवला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "आधीच्या मालकाने केलं असेल." भाव उतरला, गाडी घेतली.

हेड उतरवलं तेव्हा गॅसकेट दोन आणि तीन नंबरच्या मध्ये जळालेलं निघालं. पिस्टनवरचा कार्बन पुसला तर त्याखाली ‘६०’ कोरलेलं. म्हणजे ०.६० मिमी मोठे पिस्टन, बोअरिंग झालेलं. व्यास ६८.६ धरून गणित केलं तर इंजिन आता जवळपास ११०९ सीसीचं! हा फायदा समजू नका. प्रत्येक बोअरिंगला भिंत पातळ होते, आणि शेवटी स्लीव्ह घालावी लागते.

पण बोअरिंग झालं म्हणजे गाडी वाईट, असं अजिबात नाही. इतकी वर्षं धावलेल्या इंजिनाला डॉक्टर लागणारच. आमच्या कोडमध्ये सुद्धा बदल झाल्याचा त्रास नसतो, नोंद न ठेवता केलेल्या बदलाचा असतो. दुरुस्ती लपवली तर पुढचा माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो.

म्हणून बाबांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवलीय. पहिल्या पानावर तारीख, कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि ‘पिस्टन ६०, गॅसकेट नवीन’. उद्या गाडी विकली तर वहीसकट विकायची, असं त्यांनी बजावलंय.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीत काय सापडलं, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!