बांधकामाची खरेदी आणि शिकणारे यंत्र

इमारत बांधताना साहित्य किती घ्यावे, कधी घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हा ठेकेदारापुढचा रोजचा प्रश्न असतो. या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी मदत करते आणि तिच्या मर्यादा कोणत्या आहेत, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनाबाहेर उभे राहून जरा वर पाहा. कोठे ना कोठे तुम्हांला एखादी क्रेन दिसेल. जुन्या सोसायट्या आणि चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती बांधल्या जात आहेत. त्या जुन्या घरांतील कुटुंबे सध्या दुसरीकडे भाड्याने राहतात आणि नव्या घराची वाट पाहतात. काम लांबले, की त्यांचे घरही लांबते. तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा किंवा मामू अशाच कामांवर गवंडी, फिटर, रंगारी किंवा ठेकेदार असतील. म्हणून हा विषय तुमच्या घरापासून फार दूर नाही.

तो तुमच्या भाषेपासूनही दूर नाही. इमारत, मजूर, हिशोब, किंमत, बाजार हे शब्द पाहा. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द उर्दूत आहेत आणि थोडे रूप बदलून मराठीतही नांदत आहेत. बांधकामाच्या जागेवर दोन्ही भाषा एकमेकींना लगेच ओळखतात.

वेळेवर साहित्य न मिळाल्यास काय होते, हे अंधेरीच्या लोकांनी अनुभवले आहे. अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा गोखले पूल धोकादायक ठरल्यामुळे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आला. नव्या पुलासाठी लागणाऱ्या लोखंडी तुळयांचे भाग हरयाणातील अंबाला येथे तयार होत होते. २०२३ च्या पावसाळ्यात त्या भागात पूर आला आणि तुळया येण्यास उशीर झाला. उशिराची इतर कारणेही होती. पण हे त्यांतील एक होते. पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली आणि संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. पाहा, पाऊस पडला अंबाल्यात आणि रस्ता अडला अंधेरीत!

मोठ्या पुलाची ही गोष्ट. लहान ठेकेदाराच्या कामातही रोज हेच घडते, फक्त ते वर्तमानपत्रात येत नाही. खरेदी करताना त्याच्यापुढे तीन प्रश्न असतात : किती? कधी? कोणाकडून? बहुतेक ठेकेदार अनुभवाने, अंदाजाने आणि खिशातील छोट्या वहीच्या आधारे त्यांची उत्तरे शोधतात. आता त्यांच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय? उर्दूत तिला 'मसनूई ज़ेहानत' म्हणतात. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १९५६ साली झालेल्या परिषदेपासून हे नाव रूढ झाले. साधा संगणक आपण सांगितलेली आकडेमोड करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक त्याच्याही पुढे जातो. त्याला जुन्या नोंदी दिल्या, की तो त्यांतील साम्य आणि फरक शोधतो आणि पुढच्या वेळी काय होण्याचा संभव आहे याचा अंदाज सांगतो. जुना मुकादम ढिगाकडे नुसते पाहून "एवढी रेती पुरणार नाही" असे म्हणतो, ते त्याने शेकडो ढीग पाहिलेले असतात म्हणून. यंत्रही तसेच शिकते. मात्र ते ढीग पाहत नाही, ढिगांच्या नोंदी पाहते.

आता पहिला प्रश्न घेऊ : किती?

समजा, मुलुंडमध्ये एका इमारतीचा स्लॅब घालायचा आहे. स्लॅबचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आणि जाडी १२५ मिलिमीटर आहे. म्हणजे २५ घनमीटर काँक्रीट लागेल. एक घनमीटर काँक्रीटला सिमेंटच्या सुमारे आठ गोण्या धरल्या, तर २०० गोण्या होतात. एक गोणी ५० किलोची, म्हणजे एकूण दहा टन सिमेंट. हा झाला कागदावरचा हिशोब. पण जागेवर थोडे सिमेंट सांडते, एखादी गोणी फाटते, कोठे स्लॅब किंचित जाड होतो. मागच्या पाच स्लॅबना प्रत्यक्षात २०६, २०९, २०७, २१० आणि २०८ गोण्या लागल्या होत्या, असे समजा. त्यांची सरासरी २०८ येते. ही सरासरी तुम्हीही काढू शकाल. मग यंत्र कशाला? कारण खऱ्या कामात केवळ गोण्यांचा आकडा नसतो. पाऊस होता की ऊन, मजला कितवा, मुकादम कोण, माल कोणत्या गाडीने आला, अशा अनेक गोष्टींचा परिणाम होतो. शेकडो नोंदींत यांपैकी कशाचा किती परिणाम झाला, हे माणसाला शोधता येत नाही. यंत्राला ते काही क्षणांत शोधता येते.

सळईचे उदाहरण आणखी मजेदार आहे. सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची मिळते. समजा, आपल्याला ५ मीटरचे १० तुकडे आणि साडेतीन मीटरचे २० तुकडे हवे आहेत. एका सळईतून ५ मीटरचे दोनच तुकडे निघतात, म्हणून पहिल्या कामाला ५ सळया लागतील. साडेतीन मीटरचे तीन तुकडे निघतात, म्हणून दुसऱ्या कामाला ७ सळया लागतील. एकूण १२ सळया झाल्या. आता दुसऱ्या रीतीने कापू. प्रत्येक सळईतून ५ मीटरचा एक आणि साडेतीन मीटरचे दोन तुकडे काढू. ५ अधिक ३.५ अधिक ३.५ म्हणजे बरोबर १२! अशा रीतीने १० सळयांतच काम होते आणि भंगारात काहीच जात नाही. सळईच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की एक मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटर जाडीच्या दोन सळया वाचल्या, तर सुमारे २१ किलो लोखंड वाचते. येथे दोनच मापे होती. इमारतीत अशी पुष्कळ मापे असतात. कोणता तुकडा कोणाशी जुळवावा, हे कोडे संगणक भराभर सोडवतो.

दुसरा प्रश्न : कधी?

माल उशिरा आला तर काम थांबते. पण फार लवकर आला तरी नुकसानच होते. मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट असते. ओल लागली, की सिमेंटचे गोळे होतात. तीन महिन्यांहून जुने सिमेंट चाचणी घेतल्याशिवाय वापरू नये, असे जाणकार सांगतात. शिवाय उपनगरांत माल ठेवायला जागा कोठे असते? रेती रस्त्यावर टाकली, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते.

तयार काँक्रीटचे तर घड्याळच लागलेले असते. फिरत्या डब्याच्या मोठ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. गाडीत भरलेले काँक्रीट साधारणपणे दोन तासांच्या आत जागेवर पोहोचायला हवे. आपल्या स्लॅबला अशा चार-पाच गाड्या लागतील. पहिली गाडी आली आणि दुसरी घाटकोपरच्या गर्दीत अडकली, तर स्लॅबमध्ये सांधा पडण्याची भीती असते. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याला किती वेळ लागतो, याच्या नोंदी यंत्राकडे असतील, तर गाडी केव्हा निघावी याचा चांगला अंदाज ते देऊ शकते.

तिसरा प्रश्न : कोणाकडून?

तीन दुकानदारांनी सिमेंटचे भाव कळवले आहेत, असे समजा. पहिला म्हणतो, "गोणीला ३४० रुपये, कर वेगळा." दुसरा म्हणतो, "टनाला ८,००० रुपये, कर आणि उतराई धरून." तिसरा म्हणतो, "गोणीला ३९५ रुपये, कर धरून. उतराईचे ८ रुपये वेगळे." वरवर पाहता पहिला स्वस्त वाटतो. सिमेंटवरील कर १८ टक्के आहे. तो मिळवला, की पहिल्याची गोणी ४०१ रुपये २० पैशांना पडते आणि उतराई राहतेच. टनात २० गोण्या असतात, म्हणून दुसऱ्याची गोणी ४०० रुपयांना पडते. तिसऱ्याची पडते ४०३ रुपयांना. म्हणजे दुसरा सर्वांत स्वस्त! नव्या प्रकारची संगणक प्रणाली अशी निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेली भावपत्रके वाचते आणि सर्वांचे भाव एकाच मापात मांडून दाखवते.

पण स्वस्त माल नेहमी स्वस्त पडतोच असे नाही. एका दुकानदाराने गोणीमागे ५ रुपये कमी घेतले, तर २०० गोण्यांत १,००० रुपये वाचतात. मात्र त्याची गाडी एक दिवस उशिरा आली आणि रोज ८०० रुपये मजुरीचे २० मजूर बसून राहिले, तर १६,००० रुपये वाया जातात. ठेकेदाराने मजुरी दिली तर त्याचे नुकसान. न दिली तर मजुराच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटायची? म्हणून भावाबरोबर शब्दाचीही नोंद हवी. कोण 'उद्या' म्हणतो आणि खरोखर उद्या येतो, कोण परवा येतो, हे नोंदींतून यंत्र दाखवून देते.

ऑनलाइन बाजारपेठांमुळे अशा नोंदी आता वाढत आहेत. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी खरेदीसाठी 'जेम' ही बाजारपेठ सुरू केली. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने २०२२ साली 'सूफिन' नावाची बाजारपेठ उघडली. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचे संगणक आणि तज्ज्ञ असतात. पण लहान ठेकेदारही आता मोबाइलवर चलनांचे फोटो काढून त्यांचा तक्ता करून घेऊ शकतो.

मग यंत्राच्या हाती सगळा कारभार सोपवावा का? नाही. यंत्राला फक्त होऊन गेलेले ठाऊक असते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी सिमेंटवर २८ टक्के कर होता. त्या दिवसापासून तो १८ टक्के झाला. जुन्याच नोंदींवर चालणारे यंत्र वरच्या ३४० रुपयांच्या गोणीची किंमत ४३५ रुपये २० पैसे सांगेल, म्हणजे गोणीमागे ३४ रुपयांची चूक करील. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि लोखंड महागले. मे महिन्यात सरकारने पोलादाच्या निर्यातीवर कर बसवला, तेव्हा भाव उतरले. नोव्हेंबरमध्ये तो कर काढूनही टाकला. युद्ध होईल किंवा सरकार असा निर्णय घेईल, हे जुन्या बिलांत कोठे लिहिलेले असते?

यंत्र चुकीचेही वाचते. हाताने लिहिलेला १ त्याला ७ वाटू शकतो आणि चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते. म्हणून मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी आकडे स्वतः ताडून पाहिले पाहिजेत. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचणे, सळईवरील खूण पाहणे, रेती मुठीत घेऊन तिच्यात माती आहे का हे पाहणे, ही कामे माणसाचीच आहेत. आणखी एक गोष्ट यंत्राला दिसत नाही. २०२० साली टाळेबंदीत कामे बंद पडली, तेव्हा ज्या दुकानदाराने उधारीसाठी तगादा लावला नाही, त्याचे मोल कोणत्या रकान्यात लिहिणार?

मुलांनो, यंत्र कितीही हुशार असले, तरी ते आपण लिहिलेल्या नोंदींवरच शिकते. वहीत २१० ऐवजी २०० लिहिले, तर यंत्रही तेच खोटे शिकेल आणि पुढच्या स्लॅबला दहा गोण्या कमी पडतील. म्हणून पहिली गरज खऱ्या आणि रोजच्या हिशोबाची आहे. त्याला महागडा संगणक लागत नाही. आज घरी गेल्यावर अब्बांना किंवा शेजारच्या एखाद्या गवंड्याला विचारा, "आज किती माल आला, किती लागला आणि किती उरला?" ते सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. शिकणाऱ्या यंत्राचा पहिला धडा तुमच्याच हाताने लिहिला जाईल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अंधेरीचा गोखले पूल केव्हा बंद करण्यात आला?
(आ) ठेकेदारापुढचे तीन प्रश्न कोणते?
(इ) एक टन सिमेंट म्हणजे किती गोण्या?

२. कारणे लिहा.
(अ) पावसाळ्यात जास्तीचे सिमेंट साठवू नये.
(आ) स्वस्त माल नेहमी स्वस्त पडत नाही.
(इ) यंत्राने दिलेले आकडे ताडून पाहावे लागतात.

३. उदाहरण सोडवा.
१२ मीटरच्या सळयांतून ४ मीटरचे ६ तुकडे आणि ८ मीटरचे ६ तुकडे हवे आहेत. कमीत कमी किती सळया लागतील?

४. मराठीत आणि उर्दूत थोड्या फरकाने आढळणारे दहा शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.