ओसेबर्ग : जहाज आणि त्याच्या नकला

१९८७ साली नॉर्वेत ‘द्रोनिंगेन’ म्हणजे ‘राणी’ नावाचं लाकडी जहाज बांधलं. ऑस्लोच्या संग्रहालयातल्या, नवव्या शतकातल्या ओसेबर्ग जहाजाची मापं घेऊन केलेली ही हुबेहूब नक्कल. शीड चढवून चाचणीला काढलं आणि काही क्षणांत ते पाणी भरून बुडालं. मग काहींनी मूळ जहाजालाच बोल लावला: ते कुणा राणीचं हौसेचं जहाज, किनाऱ्याकिनाऱ्याने मिरवायचं. वाऱ्यावर सोडायला कुणी बांधलं होतं?

असं वाटायला कारणही होतं. नाळेवर एकमेकांत गुंतलेले प्राणी अगदी वरपर्यंत कोरत नेलेत. या काळच्या कोरीव कामातला एक प्राणी तर जवळूनच बघावा. त्याचा पंजा सदा कशाला तरी धरून असतो: शेजाऱ्याचा पाय, चौकटीची कड, नाहीतर स्वतःचाच गळा! एवढं नटवलेलं जहाज चालायलाही चांगलं असेल, यावर चटकन विश्वास बसत नाही.

सुतारकाम बघितलं की मात्र बसतो. ओकच्या ओंडक्याला करवत लावायचीच नाही. पाचरी ठोकून तो गाभ्यापासून सालीपर्यंत लिंबाच्या फोडींसारखा फोडायचा, मग कुऱ्हाडीने तासायचा. लाकडाचा धागा कुठे तुटत नाही, म्हणून पातळ फळीही चिवट राहते. अशा फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लोखंडी रिव्हेटांनी जखडायच्या, मध्ये डांबरात भिजवलेली लोकर. आतल्या फासळ्यांना मात्र त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, बांधलेल्या आहेत. लाट आली की जहाज थोडं लवतं.

मग चूक कुठे होती? ८२०च्या सुमारास बांधलेलं हे साडेएकवीस मीटरचं जहाज ८३४ मध्ये दोन बायकांच्या शवांसह पुरलं. १९०४ मध्ये टॉन्सबर्गजवळच्या टेकाडातून ते काढलं, तेव्हा वरच्या मातीच्या ओझ्याने त्याचे हजारो तुकडे झाले होते. ते जोडताना पुढचा तळ चुकला, अरुंद झाला. द्रोनिंगेनच्या सुतारांनी या चुकीचीही इमानदारीने नक्कल केली.

२००६ पासून एकेक तुकडा लेसरने मोजून आकार नव्याने मांडला, त्याची प्रतिकृती पाण्याच्या टाकीत तपासली. त्यावरून टॉन्सबर्गमध्ये बांधलेलं ‘सागा ओसेबर्ग’ २०१२ मध्ये पाण्यात उतरलं. २०१४ मध्ये उघड्या समुद्रात पूर्ण शिडावर त्याने दहा नॉटचा, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग गाठला. राणीची हौस असेल, पण सुताराने कुठे हातचं राखलेलं नव्हतं.

थडग्यातल्या कोरीव वस्तूंचं नशीब एवढं बरं नाही. लाकूड आकसू नये म्हणून त्यातल्या पुष्कळ वस्तू तेव्हा तुरटीच्या पाण्यात उकळल्या. त्यातून लाकडात आम्ल तयार झालं. वरून धड दिसणाऱ्या काही वस्तू आतून भुगा होत चालल्यात.

ऑस्लोचं संग्रहालय नव्या इमारतीसाठी २०२२ मध्ये बंद झालं. त्यातलं मूळ जहाज जोडलं तेव्हाच्याच चुकलेल्या बांध्यात आहे. बरोबर बांधा बघायचा तर टॉन्सबर्गच्या धक्क्यावर जावं लागतं. तिथे नक्कल बांधून ठेवलेली असते.