सोबतीला कोण राहणार?

समजा, आंबेगावच्या आहुपे खोऱ्यातली पंधरा वर्षांची मुलगी आश्रमशाळेत राहते. ती झोपत नाही, जेवत नाही, एकटीच पुटपुटते. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालंय.’ देवऋषी होतो, महिने जातात. आजार काही तोवर थांबून राहत नाही! शेवटी डॉक्टर सांगतात, पुण्याला दाखल करा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो, की अठरा वर्षांखालच्या मुलाला अपवाद म्हणूनच दाखल करावं, मोठ्यांपासून वेगळं ठेवावं, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहावं. मुलीजवळ तर बाईमाणूस हवंच. तरतूद योग्यच आहे. अनोळखी वॉर्डात लेकराला दुसरा आधार कुणाचा? पण ऐन भातलावणीत आई पुण्यात बसली, तर खाचरात कोण उतरणार? धाकट्यांना कोण बघणार? मजुरी बुडते ती वेगळीच. मग ‘आता बरी आहे’ म्हणून मुलीला अर्ध्या उपचारांवर घरी नेतात. गोळ्या सुटतात, आजार उलटतो.

लवकर दाखवलं, तर पुष्कळदा दाखल करायची वेळच येत नाही. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे. तिथे मराठीत बोलता येतं, तेही रात्री, कामं उरकल्यावर. अर्थात, रेंज मिळाली तर!