“तुम्ही जा, मी सामान सांभाळते”

सहल ठरली की घरातल्या सगळ्यांना सुट्टी मिळते, एका बाईखेरीज. आदल्या रात्री बटाटे उकडून ठेवायचे, पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, धाकट्याला तिखट चालत नाही म्हणून त्याची भाजी वेगळी. सतरंजी, पाणी, ताटल्या, हात पुसायला जुना पंचा. एवढं सगळं घेऊन दाराला कुलूप लावलं की यजमान विचारणार, “लोणचं घेतलंस ना?” घरचा ओटा उचलून रानात नेऊन ठेवावा, तशी आमची सहल असायची.

आणि ओटा नेला की त्याला राखण आलीच.

आमच्याकडे ती राखण सासूबाई करीत. वर्षातून एखादी फेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात व्हायची. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की हमरस्त्यावर उद्यानाचं मोठं प्रवेशद्वार लागतं, आणि तिथून आत सहाएक किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. पायथ्याशी पोचलो की सासूबाई झाडाखाली सतरंजी पसरीत आणि म्हणत, “तुम्ही जा, मी सामान सांभाळते.” आम्ही जात असू. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही, खोटं कशाला सांगू?

२००८ साली पावसाळा सरता सरता कारवी फुलली होती. कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर माजणारं, माणसापेक्षा उंच झुडूप. सात वर्षं नुसतं वाढतं आणि आठव्या वर्षी सगळं रान एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातं. मग बी धरतं आणि ती झाडं मरून जातात. सासूबाईंचं माहेर मावळातलं, लहानपण कारवीच्या कुडाच्या घरात गेलेलं. वाळक्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं, की झाली भिंत. त्या दिवशी आम्ही वरून उतरलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “दाट आहे का गं फूल?” मी हो म्हटलं आणि डबे उघडायला बसले. “तुम्ही बघून या, मी बसते,” एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण पोरांना भूक लागली होती.

२०१३ साली त्या गेल्या. २०१६ साली कारवी पुन्हा फुलली, आम्ही पुन्हा गेलो, आणि त्याच झाडाखाली सतरंजी पसरून मी म्हणाले, “तुम्ही जा, मी सामान सांभाळते.” शब्द तोंडातून गेले आणि माझ्याच अंगावर काटा आला. तरी उठले मात्र नाही. वरच्या फांदीवर सात-आठ माकडं टपून बसली होती आणि डब्यात सहा माणसांची पुरीभाजी!

तेव्हा २०२४ साली आमच्याकडे पुऱ्या तळल्या गेल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी दशम्या केल्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. जोडीला दाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचे लाडू. प्रत्येकाचा छोटा डबा प्रत्येकाच्या खांद्यावरच्या पिशवीत, पाणीही ज्याचं त्यानं उचलायचं. यजमान दोन दिवस घुश्शात होते. “पुरीभाजीवाचून सहल कसली?” मी म्हटलं, “मी पीठ मळून देते, तुम्ही तळा.” विषय तिथेच संपला.

माकडांचं एवढं ध्यानात ठेवा, की प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ त्यांना लांबून कळते. बंद कापडी पिशवीला ती सहसा हात लावीत नाहीत. पोरांना कितीही गंमत वाटली तरी त्यांना खाऊ घालू नये. उरलंसुरलं तिथे टाकून येणं तर मुळीच नको. उष्ट्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे रान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यानात व आसपास ३५ बिबटे आढळले होते. दिवसाउजेडी वाटेवरून चालणाऱ्या माणसाच्या वाटेला तो जात नाही. मात्र पोरं पुढे-मागे पांगू देऊ नयेत आणि ऊन कलायच्या आत परतावं.

तर अखेर मी वर गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओवरीत बुद्धाच्या दोन भल्यामोठ्या उभ्या मूर्ती आहेत. मान वर करून बघावं लागतं. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, हजारेक वर्षं कोरकाम चालू होतं म्हणतात. पण मला कौतुक वाटलं ते पाण्याच्या टाक्यांचं. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी कातळात कोरलेलं टाकं आणि त्यात पाणी आणून सोडणारे पन्हळ. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. लेणी नि टाकी कुणी दान दिली ते कोरून ठेवलंय, आणि दात्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत तशा बायकाही आहेत. अकराव्या लेण्यात दगडाचे दोन लांबच लांब बाक दिसले. माझ्या मनात आलं, इथे पंगत काय छान बसेल! खोड जात नाही, बाई.

त्याच्याही वर, कोरीव पायऱ्या संपल्यावर, कारवी होती. जवळून पाहिलं तर फूल अगदी साधं, घंटेसारखं. पण उतारच्या उतार भरलेला आणि मधमाश्यांचा नुसता गुंजारव चाललेला. तोडायला बंदी आहे आणि तोडावंसंही वाटत नाही. मी बराच वेळ तिथे उभी होते. मुलीनं विचारलं, “आई, दमलीस का?” मी नाही म्हटलं.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. रविवारी गर्दी फार, म्हणून जमल्यास मधला वार बघून सकाळी लवकर पोचा. लेण्यांपर्यंत आतली बस मिळते, लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा चपला नकोत. वाटेवर आदिवासी बायका काकड्या घेऊन बसतात, त्या जरूर घ्या, पण माकडांची नजर चुकवून खा.

कारवी आता २०३२ साली. परतताना गाडीत यजमानांनी आपली दशमी संपवली, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, “तुझी उरलीय का एखादी?”