इंटरेस्ट आहे... पण कुठला?

शांघाय. सोमवारची सकाळ. मल्टिनॅशनल कंपनीत नुकतीच जॉइन झालेली एक मुलगी लॅपटॉपवर फॉर्म भरतेय. एक रकाना येतो, 'डिक्लेअर युअर इंटरेस्ट्स'. ती मनापासून टाइप करते : बॅडमिंटन, वाचन, फोटोग्राफी. सबमिट!

प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी चूक सहज होऊ शकते. कंपनीला तिचे छंद नकोच होते. 'आपल्याला माल पुरवणाऱ्या फर्ममध्ये तुझे शेअर्स आहेत का? घरचं कुणी तिथे आहे का?' एवढंच विचारायचं होतं. आता समजा, तिचा भाऊ खरंच तिथे पार्टनर निघाला तर? 'माहिती लपवली' असा ठपका! एका शब्दापायी नोकरीवर गदा.

हसू येतंय? थांबा. 'मला त्यात इंटरेस्ट नाही' आणि 'होम लोनचा इंटरेस्ट वाढला' ही वाक्यं आपण एकाच दमात बोलतो. पण मराठीत लिहायला बसलो की रस, व्याज, हितसंबंध असे वेगवेगळे शब्द शोधावे लागतात. चिनी बोलणाऱ्यांचंही तेच होतं.

एक शब्द, चार खोल्या

मँडरिनमध्ये आवड म्हणजे शिंगछ्यू. बँकेचं व्याज म्हणजे लीशी. फायदा किंवा हितसंबंध म्हणजे लीयी. आणि कंपनीतल्या मालकीच्या वाट्याला म्हणतात गूछ्वान. इंग्रजी मात्र चौघांना एकाच नावानं हाक मारते!

घोटाळा कुठे होतो? पाठांतरात. चीनमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी १९८७पासून कॉलेज इंग्लिश टेस्ट आहे. परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या घोकायच्या, आणि यादीत शब्दापुढचा पहिला अर्थ तेवढा डोक्यात पक्का बसतो. इंटरेस्ट म्हणजे शिंगछ्यू, विषय संपला. त्यात लहान मुलांच्या डान्स-चित्रकलेच्या क्लासलाही तिथे 'शिंगछ्यू बान', म्हणजे आवडीचा वर्ग म्हणतात. मग फॉर्मवर बॅडमिंटन येणारच ना!

समजवायचं कसं?

चार अर्थ फळ्यावर लिहून दिले की काम झालं असं नाही. आधी त्यांना जोडणारा धागा दाखवायचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मध्ये असणं', त्यावरून 'महत्त्वाचं असणं'. तुम्ही आणि एखादी गोष्ट, यांच्यामध्ये काहीतरी आहे. मन गुंतलंय तर आवड, फायदा गुंतलाय तर हितसंबंध, मालकी गुंतलीये तर वाटा. आणि व्याज? मध्ययुगीन युरोपात चर्चनं व्याजखोरीला बंदी घातली होती. पण कर्ज वेळेवर फेडलं नाही, तर सावकाराला झालेल्या नुकसानीची भरपाई मागता यायची. त्या भरपाईचं नाव पुढे व्याजालाच चिकटलं.

चिनी विद्यार्थ्याकडे स्वतःचाही एक क्लू असतो. लीशी आणि लीयी, दोन्हीत पहिलं अक्षर एकच, 'ली'. त्याच्या एका बाजूला धान्याचं रोप, दुसऱ्या बाजूला सुरी. कापणी झाली, पदरात पडलं! म्हणजे हे दोन अर्थ त्याच्या भाषेत आधीच सख्खे भाऊ आहेत. परका आहे तो शिंगछ्यू.

शेजारी बघा!

अर्थ ओळखायचा तर शब्दाचे शेजारी बघायचे. लोनवर 'ऑन' आला की व्याज. 'इन युअर इंटरेस्ट' म्हणजे तुझ्या भल्याचं. तुला आवडो न आवडो! संगीतात आवड असेल तर 'इन'. आपल्याला हा 'इन' फुकटात मिळतो, कारण आपणही 'संगीतात रस' म्हणतो. चिनीत मात्र आवड संगीता'प्रति' असते, म्हणून तिथला नवशिका हमखास 'टू' लावतो.

शेवटी 'एस' लागलाय? मग ते बँकेचं व्याज नाहीच. छंद असतील किंवा हितसंबंध. पण चिनी नामं सहसा अनेकवचनात बदलत नाहीत, त्यामुळे हा एवढासा 'एस' डोळ्यांसमोरून निसटतो आणि त्याच्याबरोबर अख्खा क्लूही.

तरी फसवी वाक्यं राहतातच. 'शी हॅज अॅन इंटरेस्ट इन द कंपनी.' तिला कंपनी आवडते की तिची कंपनीत मालकी आहे? इथे पुढचं-मागचं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. 'दहा टक्के' असं काही दिसलं, तर प्रश्न मिटला. आवड कुणी टक्क्यांत मोजत नाही!

आणि हो, न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' हवा, म्हणजे ज्याचा लीयी गुंतलेला नाही असा. 'अनइंटरेस्टेड' नको. तो शिंगछ्यू नसलेला, खटला चालू असताना जांभया देणारा!

आता शांघायच्या त्या मुलीचा फॉर्म पुन्हा उघडा. विचारणारी कंपनी, शब्दाला लागलेला 'एस', जोडीला 'डिक्लेअर'. तिन्ही शेजारी एकच सांगतायत : लीयी. म्हणजे बॅडमिंटन खोडायचं आणि भावाचं नाव लिहायचं. रॅकेट संध्याकाळी काढता येईल.