जुन्या गाडीचा कर नेमका कोणाच्या माथी?

२१ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानात जैसलमेरला वस्तू आणि सेवा कर परिषदेची ५५वी बैठक झाली आणि पाठोपाठ मोबाइलवर एक गणित फिरू लागलं. १२ लाखांना घेतलेली गाडी ९ लाखांना विकली, तर मधल्या ३ लाखांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार रुपये सरकारजमा. तोटा सोसायचा आणि वर करही भरायचा! गाडी विकून मुलीच्या शिक्षणाला हातभार लावू पाहणारा पगारदार माणूस हे वाचून संतापला नसता तरच नवल.

गणित साफ चुकीचं होतं. घरची गाडी विकणाऱ्या माणसाला, त्याची जीएसटी नोंदणी नसेल तर, हा कर लागतच नाही. शेजाऱ्याला विका, मेहुण्याला विका, बाजारातल्या डीलरला विका. त्या व्यवहारावर जीएसटी शून्य. बैठकीआधीही तो शून्य होता, नंतरही शून्यच राहिला.

मग बदललं काय? कर भरतो तो जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यापारी, आणि तोही गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, तर खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा जुन्या गाड्यांनाही २८ टक्के दर आणि वर उपकर होता. जानेवारी २०१८मध्ये तो उतरवला गेला. चार मीटर किंवा त्याहून लांब आणि १२०० सीसी किंवा त्याहून मोठं इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्या, तेवढ्याच लांबीच्या १५०० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्या आणि मोठ्या एसयूव्ही यांना १८ टक्के. बाकी सगळ्यांना १२ टक्के. जैसलमेरनंतर, १६ जानेवारी २०२५च्या अधिसूचनेनं, हा १२ टक्क्यांचा कप्पा काढून टाकला. छोट्या गाड्या आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्याही १८ टक्क्यांत आल्या.

ग्राहकाच्या खिशावर त्याचा भार किती, हे एका साध्या व्यवहारातून कळतं. डीलरनं छोटी हॅचबॅक ४ लाखांना घेतली आणि साडेचार लाखांना विकली. फरक ५० हजारांचा. पूर्वी त्यावर ६ हजार कर बसायचा, आता ९ हजार बसतो. वाढ ३ हजारांची. साडेचार लाखांच्या सौद्यात ही रक्कम टायरच्या घासाघिशीत इकडची तिकडे होते. गाडी खरेदीपेक्षा कमी किमतीला गेली, तर कर काहीच नाही. म्हणून ‘जीएसटी वाढला’ असं सांगून कोणी डीलर गाडीच्या पूर्ण रकमेवर १८ टक्के मागत असेल, तर गिऱ्हाइकानं तिथंच थांबून बिलाचा हिशेब मागावा.

जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदारानं किंवा कंपनीनं धंद्यासाठी वापरलेली गाडी विकली, तर मात्र नियम लागू होतो. त्यातही एक दिलासा आहे. आयकरात गाडीचा घसारा दाखवला असेल, तर फरक मोजायचा तो घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवरून. सरकारनं खुलाशात दिलेलं उदाहरण असं: गाडी २० लाखांची, घसारा ८ लाखांचा, उरली किंमत १२ लाख. ती १० लाखांना गेली तर कर नाही. १५ लाखांना गेली तर ३ लाखांवर १८ टक्के. मोबाइलवर फिरलेल्या गणितातला ५४ हजारांचा आकडा इथं खरा ठरतो, पण दुसऱ्याच माणसासाठी आणि दुसऱ्याच कारणानं.

विजेच्या गाड्यांबद्दलची तक्रार थोडी वेगळी होती. नव्या ईव्हीवर ५ टक्के आणि जुनीवर १८, हा कुठला न्याय? नव्या गाडीवरचा कर पूर्ण किमतीवर असतो, हे त्या तक्रारीत सुटून जातं. १५ लाखांच्या नव्या ईव्हीवर ७५ हजार कर बसतो. तीच गाडी पुढे डीलरनं लाखभर नफ्यानं विकली तर १८ हजार. तरीही ज्या वाहनांना सरकार एरवी हात देतं, त्यांच्या जुन्या बाजाराला १२ टक्क्यांतच राहू दिलं असतं, तर ते धोरणाला धरून झालं असतं.

सप्टेंबर २०२५मध्ये या बाजाराला आणखी एक धक्का बसला आणि तो आला नव्या गाड्यांच्या बाजूनं. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि उपकर जाऊन सरसकट १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांना उपकराविना ४० टक्के. नवी छोटी गाडी स्वस्त झाल्यावर तिची दोन-तीन वर्षं वापरलेली बहीण जुन्या किमतीला कोण घेणार? जुन्या गाडीची किंमत ठरवताना आज शोरूममध्ये त्या मॉडेलची नवी किंमत काय आहे, हे आधी विचारायला हवं. मालकानं २०२३मध्ये मोजलेल्या पैशांचा दाखला आता फारसा उपयोगाचा नाही.

इतका गाजावाजा झाला तो जीएसटीचा. खरेदीदाराचे खरे पैसे अडकतात ते दुसऱ्या कराखाली: राज्याच्या मोटार वाहन कराखाली, ज्याला सगळे रोड टॅक्स म्हणतात. राज्यघटनेनं हा कर राज्यांच्या सूचीत ठेवला आहे आणि जीएसटी आल्यावरही तो तिथंच राहिला. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर नवी गाडी घेतानाच एकरकमी भरला जातो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. डिझेलला १३, १४ आणि १५. १ जुलै २०२५पासून सीएनजी गाड्यांचा दर एका टक्क्यानं वाढला आणि कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली.

हा कर गाडीबरोबर जातो. पुण्याची एमएच-१२ पासिंगची गाडी नाशिकच्या माणसानं घेतली, तर त्याला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही; नंबरही तोच राहतो, बदलतं ते आरसीवरचं नाव. ब्रिटनमध्ये याच्या उलट आहे. तिथं १ ऑक्टोबर २०१४पासून काचेवर लावायची कागदी कर-चकती बंद झाली आणि गाडी विकताच तिचा कर संपुष्टात येऊ लागला. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे जुन्या मालकाला परत मिळतात आणि नव्या मालकानं गाडी रस्त्यावर आणण्याआधी स्वतःचा कर भरायचा. भारतातून लंडन-लेस्टरला गेलेल्या माणसाला, इथल्या सवयीनं, गाडीत कर आलाच असं वाटण्याचा धोका तिथं असतो.

आपल्याकडे तसाच धोका राज्याची हद्द ओलांडताना उभा राहतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. सावंतवाडीच्या माणसाला गोवा पासिंगची गाडी जवळ पडते, कोल्हापूरच्या माणसाला बेळगावची. किंमत मोहात पाडणारी असते. पण मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. महाराष्ट्रात हा कर गाडीच्या वयानुसार कमी होत जातो, तरी नव्यासारख्या दिसणाऱ्या तीन वर्षांच्या महाग गाडीला तो लाखाच्या घरात सहज जातो. बेळगावची गाडी लाखभर स्वस्त मिळाली, या आनंदाला इथं कात्री लागते.

मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मिळू शकतो, पण त्यासाठी तिथल्या आरटीओकडे वेगळा अर्ज आणि नव्या नोंदणीचा पुरावा द्यावा लागतो. आधी इथं भरायचं, मग तिथं मागायचं. बदली झालेल्या बँक कर्मचाऱ्याला किंवा घर बदलणाऱ्या कुटुंबाला एकाच गाडीसाठी दोन राज्यांत पैसे अडकवून बसायला लावणं अन्यायाचं आहे. देशभरातल्या बहुतेक गाड्यांची नोंद ‘वाहन’ या एका संगणकीय प्रणालीत असताना नागरिकानं कागद घेऊन दोन कार्यालयांत फिरावं, याला कोणतंही सबळ कारण उरलेलं नाही. तोवर एक काळजी घेता येते: परतावा आला तर तो जुन्या मालकाचा की नव्याचा, हे सौदा ठरतानाच लिहून घ्यावं.

या त्रासावर उपाय म्हणून १५ सप्टेंबर २०२१पासून ‘बीएच’ मालिका आली. संरक्षण दलं, केंद्र आणि राज्य सरकारं, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्या यांच्या कर्मचाऱ्यांना हा नंबर मिळतो. त्यांना दोन-दोन वर्षांचा कर भरत जाता येतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं मात्र इथं दोनदा विचार करावा. बीएच गाडीवर पुढचा कर भरायचा शिल्लक असतो आणि घेणारा स्वतः त्या मालिकेला पात्र नसेल, तर त्याला राज्याचा नंबर घ्यावा आणि राज्याचा कर भरावा लागतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कराच्या रकान्यात काय आहे ते दिसतं. ‘एलटीटी’ असेल तर आयुष्यभराचा कर भरलेला. तारीख असेल तर त्या तारखेनंतरचा खर्च घेणाऱ्याचा.

आरसीवरचं नाव बदलणं हा कराइतकाच पैशांचा प्रश्न आहे. गावोगावी अजून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी एजंटाच्या हवाली करण्याची पद्धत आहे. एजंट गिऱ्हाईक मिळेपर्यंत नाव चढवत नाही आणि पुढचं गिऱ्हाईकही टाळाटाळ करतं. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७मध्ये विकली गेली होती, नंतर ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयानं नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी आपली नाही, विकून टाकली होती, हा बचाव चालला नाही.

कायद्यानं यासाठी मुदती दिल्या आहेत. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३पासून डीलरसाठीही नियम आले. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद पोर्टलवर झाली, की ती विकली जाईपर्यंत डीलरच तिचा मालक मानला जातो. दंड, अपघात, सगळं त्याच्याकडे. म्हणून गाडी देताना डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का, हे विचारावं आणि सोपवल्याच्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. जुन्या मालकाच्या बाजूनं झालेला हा सर्वांत उपयोगी बदल आहे आणि त्याच्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं.

फार जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी खर्च दुसरीकडून वाढला आहे. १५ वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झालं. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १० हजारांवर नेण्यात आलं. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण होतं ते पाच वर्षांसाठी आणि त्याआधी गाडीची तपासणी होते. एक-दीड लाखात मिळणाऱ्या चौदा वर्षांच्या गाडीचा सौदा करताना वर्षभरात येणारा हा सगळा खर्च मांडून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी. विकणाऱ्यालाही तो खर्च टाळायचा असतो, आणि बहुतेक वेळा गाडी बाजारात आलेली असते ती त्याचसाठी.